आय-थ्री की रायझन-फाइव्ह? आधी लॅपटॉप कुणाचा ते ठरवा

पत्राचा सारांश: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४७. गावातल्या काही बचत गटांचे हिशेब त्या घरून एक्सेलमध्ये ठेवतात, ठराव आणि अर्ज मराठीत टाइप करून देतात. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. मुलगी बारावी कॉमर्सला असून पुढच्या जूनमध्ये पुण्याला जाऊन बीकॉम आणि सोबत सीए करायचं तिच्या मनात आहे. घरातला लॅपटॉप २०१५चा, पाचव्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा. तो सुरू करून चहा टाकला तर चहा आधी होतो. आता दोन नवे लॅपटॉप पाहून ठेवलेत. पहिला १४ इंची, रायझन ५ ७५२०यू, १६ जीबी रॅम, ४२ हजारांना. दुसरा १५.६ इंची, कोअर आय-थ्री १२१५यू, ८ जीबी रॅम, साडेअडतीस हजारांना. दोन्हींत ५१२ जीबीची एसएसडी (फिरत्या हार्ड डिस्कऐवजी चिपवर माहिती साठवणारी). दीर म्हणतात, आजच्या काळात आय-थ्री कुणी घेतं का! मुलीला पहिला आवडलाय, दुकानदार दुसरा पुढे करतोय. ताई लिहितात, ‘दोन्हींतला चांगला कुठला एवढंच सांगा. पैसे माझ्या मानधनातून साठवलेत, पुन्हा सात-आठ वर्षं बघायला लागू नये. तिघांनाही चालला पाहिजे. माझं काय, माझं काम आठवड्यातून दोन-तीनदाच असतं.’

ताई,

वहीच्या पानावर दोन रकाने आखून तुम्ही जो तक्ता पाठवलाय, तो बघून बरं वाटलं. इतक्या नीटपणे माहिती जमवणारी माणसं फसत नाहीत, फार तर थोडी गोंधळतात. तक्त्यात पहिल्या लॅपटॉपला बरोबरच्या खुणा जास्त मिळाल्यात. त्यातली सगळ्यात ठळक खूण प्रोसेसरपुढे आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

५ हा ३पेक्षा मोठा हे गणितात पक्कं, पण लॅपटॉपच्या डब्यावर नाही. रायझन ५ हे एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचं नाव, आय-थ्री हे इंटेलच्या, आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळवायचे नसतात. खरी माहिती असते ती पुढच्या चार आकड्यांत. ७५२०यूमधला ७ म्हणजे २०२३ सालची मालिका. ५ म्हणजे रायझन ५चा वर्ग. आणि तिसरा आकडा २ म्हणजे आतली रचना झेन २, जी २०१९मध्ये आली होती. म्हणजे नाव २०२३चं, पण गाभा चार वर्षं आधीचा. यात चार कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, आहेत. त्याच मालिकेतल्या रायझन ३ ७३२०यूमध्येही चारच कोअर आहेत, फरक काय तो थोड्या वेगाचा. तुमच्या तक्त्यात ७५३०यू असता तर मी वेगळं बोललो असतो. तिथे तिसरा आकडा ३, म्हणजे झेन ३, आणि कोअर सहा. एका आकड्याने एवढं बदलतं, आणि दुकानातल्या पाटीवर मात्र दोन्हींसाठी ‘रायझन ५’ एवढंच लिहिलेलं असतं.

आता बिचारा आय-थ्री. १२१५यू हा इंटेलच्या बाराव्या पिढीचा, २०२२चा. यात सहा कोअर आहेत: दोन ताकदीचे, चार वीज वाचवणारे. फाइल उघडणं, वेबपान चढणं, एक्सेलमध्ये सूत्र टाकल्यावर आकडे बदलणं अशा कामांत बहुतेक भार एका-दोन कोअरवर येतो. तिथे हा आय-थ्री तुमच्या पाहण्यातल्या रायझनपेक्षा चपळ आहे. दिरांच्या डोक्यात जो आय-थ्री आहे तो तुमच्या घरात सध्या टेबलावर बसलेला, दोन कोअरचा आणि २०१५चा. नाव तेच राहिलंय, आतलं यंत्र पार बदललंय. त्यांना हे सांगा, पण वाद घालू नका. कारण तुमच्या घरच्या कामांना हे दोन्ही प्रोसेसर पुरून उरतात. जुना लॅपटॉप रडतो त्याचं मोठं कारण बहुधा प्रोसेसर नाहीच, आतली फिरणारी हार्ड डिस्क आहे. एसएसडीवर आल्याबरोबर दोन्ही लॅपटॉप तुम्हाला विमानासारखे वाटतील. (५१२ जीबी म्हणून घेतलेली एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबीच दिसेल. ती फसवणूक नव्हे, मोजायची पद्धत वेगळी आहे. दर महिन्याला कुणीतरी याबद्दल रागावून पत्र पाठवतं.)

रॅमचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तिथली तुमची खूण योग्य जागी आहे. विंडोज ११ सुरू होऊन नुसतं बसलं तरी तीन-चार जीबी घेतं. वर ब्राउझरमध्ये बँकेचं पान, मेल, यूट्यूबवरचा तास आणि मागे एक्सेल उघडं असलं की ८ जीबी काठोकाठ भरते. आज चालेल, तीन वर्षांनी कुरकुर होईल. म्हणून १६ हवीच. प्रश्न एवढाच की आज हवी की नंतर चालेल. ७५२०यू हा प्रोसेसर ज्या जातीची रॅम घेतो ती बोर्डावरच सोल्डर केलेली येते, म्हणजे पहिल्या लॅपटॉपमध्ये १६ आहे ती जन्मभर १६. तुमच्या कामाला तेवढी पुरते, त्यामुळे मी याला दोष म्हणणार नाही. दुसऱ्यात ८ आहे आणि दुकानदाराच्या म्हणण्यानुसार एक खाच रिकामी आहे. तिथे आणखी ८ जीबीची कांडी बसली की १६ होते, शिवाय दोन कांड्यांमुळे चित्राचं कामही जरा सुधारतं. पण रॅमचे भाव फार वरखाली होतात. तेव्हा ‘नंतर स्वस्तात टाकू’ असं मनात धरून बसू नका. कांडीचा आणि ती बसवण्याचा आजचा भाव विचारा, तो साडेअडतीस हजारांत मिळवा आणि मगच दोन किमती शेजारी ठेवा. कदाचित दोन्ही सारख्याच निघतील.

म्हणजे झालं काय, की तक्त्यातल्या ज्या दोन खुणांवर पहिला लॅपटॉप पुढे होता, त्यातली एक चुकीची आणि दुसरी पैशांत भरून निघणारी. मग निवड कशावर करायची? जे तक्त्यात नाही त्यावर.

तुमच्या पत्रात तिघांच्या गरजा आहेत. मुलीची पाऊण पानभर, यजमानांची दोन ओळींत, आणि तुमची शेवटी ‘माझं काय’ म्हणून. पैसे मात्र तुमच्या मानधनाचे. आणि घरात ज्या कामाचे पैसे येतात आणि जे लॅपटॉपशिवाय अडतं, असं काम तिघांत एकट्या तुमचं आहे. यजमानांच्या शाळेची माहिती भरणं बरंचसं मोबाइलवर आणि शाळेतल्या संगणकावर होतं, असं तुम्हीच लिहिलंय. मुलगी तर जूनमध्ये पुण्याला जाणार आहे.

इथे मला तुम्हाला एक विचारायचंय. ती जाईल तेव्हा लॅपटॉप कुठे असेल?

पत्रात याचं उत्तर नाही. ‘तिघांनाही चालला पाहिजे’ हे वाक्य आज एका छताखाली खरं आहे. जूनमध्ये तो तिच्या बॅगेत गेला की तुम्ही पुन्हा त्या २०१५च्या डब्यासमोर. तो घरी राहिला तर तिला दुसरा घ्यावा लागेल. दोन्ही वाटांनी घरात दोन यंत्रं लागणारच आहेत. ‘एकदाच घ्यायचा’ हा तुमचा निश्चय चांगला असला तरी या वर्षी तो टिकेल असं मला वाटत नाही, आणि ते आत्ताच मान्य केलं तर निवड सोपी होते.

मुलीसाठी आज लॅपटॉप घेऊन ठेवण्यात तोटाच आहे. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धावू लागते आणि ती बहुधा एकाच वर्षाची असते. ती खऱ्या अर्थाने वापरायला लागेपर्यंत त्यातले बरेच महिने संपलेले असतील. सध्या बारावीच्या बोर्डाला लॅपटॉप लागत नाही. सीए फाउंडेशनची परीक्षाही कागदावरच होते आणि सीएच्या अभ्यासक्रमातलं संगणक प्रशिक्षण नंतरच्या टप्प्यावर येतं. बीकॉमला टॅली शिकवतील, पण टॅली हे हिशेबाचं हलकं सॉफ्टवेअर आहे, कुठल्याही साध्या विंडोज लॅपटॉपवर पळतं. आणि कोण जाणे, मे महिन्यात निकाल बघून ती बीकॉमऐवजी आणखी काही म्हणेल. या वयात म्हणावंच. कॉलेज, हॉस्टेल, रोज किती चालायचं हे कळल्यावर तिचा लॅपटॉप निवडणं जास्त शहाणपणाचं.

तेव्हा माझं मत स्पष्ट सांगतो. आत्ता दुसरा घ्या, १५.६ इंची, आय-थ्री १२१५यू, रॅम १६ करून. आणि तो तुमचा म्हणून घ्या. मुलगी जूनपर्यंत वापरेल, यजमान वापरतील, पण तो घरात राहील. मुलीला तिचा तेव्हा बघू, आणि तेव्हा तुमच्या यादीतला पहिला किंवा त्याच्या जागी आलेला कुठलाही हलका १४ इंची तिच्या कामाचा ठरेल. पाठीवर घेऊन बस पकडायची तर वजन आणि बॅटरी हेच मोठे गुण, आणि हलक्या कामात वीज जपून वापरणं ही ७५२०यूची जमेची बाजू आहेच.

दुसरा का, हे पुन्हा प्रोसेसरवर नेऊ नका. तुमच्या कामासाठी मला त्यातल्या दोनच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, उजवीकडचा नंबर पॅड. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत १४ इंचीला तो नाही, १५.६ला आहे. बचत, कर्ज, व्याज, दंड, एकेका सदस्येची ओळ भरत जायचं म्हणजे आकड्यांचीच टायपिंग. उजव्या हाताची बोटं ४-५-६वर ठेवून न बघता आकडे मारायची सवय ज्याला आहे, त्याला वरच्या रांगेतले आकडे शोधत बसणं म्हणजे शिक्षा. (१४ इंचीच घ्यायचा ठरला तर यूएसबीवर चालणारा सुटा नंबर पॅड काही शे रुपयांत मिळतो. पण तो टेबलावर सरकत राहतो आणि नेमका हवा तेव्हा सापडत नाही.) दुसरी गोष्ट मोठं अक्षर. दोन्ही पडदे फुल एचडी आहेत, म्हणजे ठिपके तेवढेच. ते १४ इंचांत दाटीने बसतात आणि १५.६ इंचांत ऐसपैस. इंग्रजीला फारसा फरक पडत नाही. पण ‘र्हस्व’ लिहिलंय की ‘ऱ्हस्व’, ‘कर्ज’वरचा रफार आहे की उडालाय, अनुस्वार आहे की पडद्यावरचा कण, हे सत्तेचाळिसाव्या वर्षी चष्म्यातून बघायचं असतं. मोठा पडदा तिथे उपयोगी पडतो.

आता दुकानात जाल तेव्हा. दुकानदार दुसरा पुढे करतोय याचा अर्थ तो वाईटच असेल असं नाही, पण त्याचं म्हणणं तपासून घ्या. लॅपटॉप चालू करायला लावा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली ‘स्लॉट्स युज्ड’पुढे २पैकी १ दिसलं तर खाच रिकामी असण्याची चांगली शक्यता. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘एसओडिम’ असेल तर कांडी बदलता येते, ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती रॅम बोर्डावर चिकटलेली. काही मॉडेलांत थोडी चिकटलेली आणि एक खाच मोकळी असाही प्रकार असतो, तेव्हा खात्री तोंडी नको. वाढीव कांडी दुकानातच बसवून घ्या, वॉरंटीला धक्का लागत नाही हे बिलावर लिहून घ्या आणि त्याच पडद्यावर १६ दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.

पडद्याची परीक्षा सोपी. एखादं मराठी वर्तमानपत्र उघडा, वाचता वाचता डावीकडे सरका, मग उभ्या राहून वरून बघा. रंग उलटे-फिके झाले तर पडदा टीएन जातीचा, टिकून राहिले तर आयपीएस. गटातल्या दोघी-तिघी शेजारी बसून हिशेब बघणार असतील तर आयपीएसच हवा. दुसऱ्या लॅपटॉपचा पडदा टीएन निघाला तर माझी शिफारस रद्द समजा आणि त्याच प्रोसेसरचं दुसरं मॉडेल मागा. या किमतीत उजेडाचा आकडा २५० निट्स असतो. खोलीत ठीक, ओटीवर उन्हात बसून काम करायचं तर दिसायचं नाही. कीबोर्डवर दोन ओळी टाइप करून बघा, आणि हो, दुकानदाराला संकोच वाटत असला तरी तुम्ही करू नका.

मराठी टायपिंगसाठी वेगळं काही विकत घ्यायचं नाही. विंडोजमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसार टाइप करायचा फोनेटिक कीबोर्ड, दोन्ही मिळतात. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून इंग्रजी-मराठी बदलायचं. एक्सेलचं मात्र नीट विचारा. काही लॅपटॉपबरोबर कायमचं ऑफिस येतं, काहींबरोबर थोड्या दिवसांचं चाखायला दिलेलं. कायमचं नसेल आणि वेगळे पैसे घालायचे नसतील तर लिब्रेऑफिस फुकट आहे. तुमच्या हिशेबांना ते पुरेल, फक्त गटाकडून आलेल्या एक-दोन खऱ्या फाइल त्यात उघडून आधी पाहा.

किमतीची तुलना ऑनलाइन करत असाल तर लॅपटॉपच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाखाली वेगळा पडदा, वेगळी रॅम, वेगळं ऑफिस असलेली मॉडेलं विकली जातात. खोक्यावरच्या स्टिकरवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून लांबलचक मॉडेल क्रमांक असतो, तो जसाच्या तसा जुळला तरच ती तुलना. आणि हजार-दीड हजाराच्या फरकासाठी मी तुमच्या जागी असतो तर तालुक्याच्या दुकानातूनच घेतला असता. कोकणात पावसाळ्यात लॅपटॉप बंद पडला की मोठी गोष्ट ही नसते की वॉरंटी आहे का, तर मोठी गोष्ट ही असते की तो घेऊन रत्नागिरीला की कोल्हापूरला जायचं. ऑनसाइट वॉरंटी म्हणजे माणूस घरी येतो, पण तुमच्या पिन कोडवर येतो का, हे त्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून आधी विचारा. दोन लॅपटॉपांत एवढ्या एका उत्तरावर निवड बदलली तरी मी ती बरोबरच म्हणेन.

घरातल्या वायरिंगकडेही एकदा बघा. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या जोडणीत खुपसून वापरला, किंवा अर्थिंग नुसतं नावाला असलं, की लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावताना मुंग्या येतात. लोक म्हणतात लॅपटॉप खराब आहे. तो खराब नसतो, घराचं अर्थिंग खराब असतं. आणि वीज कडाडायला लागली की चार्जर भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पाच-सात वॅट खाणारं टायपिंगचं काम साध्या ४० वॅट-अवरच्या बॅटरीवर नवेपणी पाच तास तरी निघतं, त्यामुळे लाइट गेली तरी हिशेब अडणार नाही.

हे उत्तर वाचणाऱ्या ज्या कुणाकडे मॅकबुक घेऊ का असा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात: मॅकबुक एअर चांगलं यंत्र आहे, बॅटरी उत्तम, पंखा नसल्याने आवाज नाही. पण टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे आणि मॅकमध्ये रॅम नंतर वाढत नाही. कॉमर्सवाल्यांनी नुसत्या हौसेने त्या वाटेला जाऊ नये. जुना वापरलेला विंडोज लॅपटॉप घेणाऱ्यांनी प्रोसेसर इंटेलचा असेल तर किमान आठव्या पिढीचा बघावा. त्याच्या मागच्या बहुतेकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

नवा सुरू करताना तो मायक्रोसॉफ्टचं खातं मागेल. ते तुमच्या मेलवर आणि तुमच्या मोबाइल क्रमांकावर उघडा, मुलीच्या नाही. आजकाल विंडोज ११ बऱ्याच लॅपटॉपांत एसएसडीवरची माहिती आपणहून कुलूपबंद करतं आणि त्याची किल्ली त्या खात्यात ठेवतं. पुढे कधी दुरुस्तीनंतर लॅपटॉपने ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली आणि खात्याचा पासवर्ड पुण्यात कुणाच्या तरी लक्षात नसला, तर गटांचे हिशेब असूनही दिसायचे नाहीत. हे होण्याआधीच ती किल्ली खात्यातून बघून वहीत लिहून ठेवा.

आणि जुना लॅपटॉप. दुकानदार बदल्यात हजार-पाचशे देऊ करेल. द्यायचा तर द्या, पण आतली हार्ड डिस्क काढून मागून घ्या. त्यात गटातल्या बायकांच्या आधार कार्डांचे आणि पासबुकांचे फोटो असणार, कर्जाच्या अर्जांवरच्या सह्या असणार. नुसत्या डिलीट केल्याने त्या जात नाहीत. ती डिस्क एका साध्या यूएसबी केसिंगमध्ये घातली की बाहेरून जोडता येते. जुन्या फाइल नव्यात उतरवून घ्या, आणि पुढे दर महिन्याच्या हिशेबाची एक प्रत तिच्यावर टाकून ती कपाटात, लॅपटॉपपासून वेगळी ठेवत जा.